गळत्या छताचा खर्च कुणाचा?
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



पाऊस लागला की आमच्या जिंतूर तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. हप्ता, व्याज, शेळ्या, शिलाई मशीन हे सगळं बोलून झालं की एखादी ताई हळूच म्हणते, "भाडेकरूनं या महिन्याचं भाडं अडवलंय. म्हणतो, आधी गळती काढा." त्याच बैठकीत दुसरी म्हणते, "आम्ही भाड्यानं राहतो, लेकरांच्या शाळेसाठी. भिंतीला ओल आलीय, धाकट्याचा खोकला जात नाही. मालकीण म्हणते, परवडत नसेल तर खोली सोडा."

दोघी एकाच गटातल्या, दोघींचं दुखणं खरं. एकीनं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, भाडं आलं तरच तिचा हप्ता जातो. दुसरीचं लेकरू आजारी आहे आणि ऐन पावसाळ्यात ती कुठं खोली शोधणार? मग गळत्या छताचा खर्च कुणी करायचा? हा प्रश्न आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जास्त काळ तो चालू आहे. त्यापायी इमारती पडल्या, माणसं गेली, कायदे झाले आणि बदललेही. आज तोच इतिहास सांगते, कारण त्यातून घरमालकिणीनं काय करावं हे आपोआप कळत जातं.

माळवदाची रीत

सुरुवात आपल्या मराठवाड्यातूनच करू. आपल्या आज्या-पणज्यांची घरं माळवदाची होती. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या नाहीतर काटक्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर मातीचा थर. पाणी वाहून जायला कडेला पन्हाळ. या माळवदावर दरवर्षी पावसाआधी पांढरी माती टाकायची. काळ्या मातीला भेगा पडतात आणि भेगेतून पाणी आत उतरतं. पांढरी माती चोपून बसते, पाणी अडवते. म्हणून तर आपण शेताला काळी म्हणतो आणि गावाला पांढरी.

ही माती खणून आणणं, डोक्यावरून पाटीनं वर चढवणं, पसरणं, चोपणं यात बायांचा हात मोठा होता. भिंतींचं लिंपणही बायांचंच. घर कोरडं ठेवायचं निम्मं काम आपल्या बायांनीच केलं, पण घराच्या कागदावर त्यांचं नाव क्वचितच होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं त्याचा उपयोग आहे.

या रीतीत एक चांगली गोष्ट होती. दुरुस्ती कधी करायची याची वेळ ठरलेली होती. मृग लागायच्या आत माळवद झालं पाहिजे, हे सगळ्यांना माहीत असे. गळायला लागल्यावर वर चढायचं नाही, गळायच्या आधी चढायचं.

पण त्याच रीतीत एक धोकाही होता. दरवर्षी नवी माती पडायची, जुनी फारशी कुणी काढायचं नाही. थरावर थर चढत गेले आणि माळवद जड होत गेलं. खालचं लाकूड ओलीनं कुजलंय का, भिंतीचे दगड सुटलेत का, हे बघायचं राहून जायचं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. भूकंप कुणाला थांबवता येत नाही. पण वरवर माती टाकून गळती थांबवणं वेगळं आणि घर आतून तपासणं वेगळं, हे त्या पहाटेनं मराठवाड्याला दाखवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग मारणं म्हणजे जुन्या माळवदावर आणखी एक पाटी माती टाकणंच आहे.

मुंबईच्या चाळी: ओल आणि आजार

आपल्या गावात घर ज्याचं, राहणारा तोच. त्यामुळं खर्च कुणाचा हा वाद नव्हता. वाद सुरू झाला तो माणसं शहरात भाड्यानं राहायला लागली तेव्हा. म्हणून आता मुंबईला जाऊ.

गिरण्या निघाल्या तशी कोकणातून, घाटावरून माणसं मुंबईत आली. त्यांच्यासाठी मालकांनी चाळी बांधल्या. एकेका खोलीत आठ-दहा माणसं, उजेड नाही, वारा नाही, मोरीचं पाणी भिंतीत मुरतंय. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला आणि बघता बघता शहरभर पसरला. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळं, ओलीमुळं नाही. पण अंधाऱ्या, कोंदट, गर्दीच्या घरांत उंदीर माजतात आणि माणसं आजाराला लवकर बळी पडतात. त्या साथीनंतर १८९८ मध्ये सरकारनं मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. जुन्या वस्त्या मोडून रस्ते करायचे आणि कामगारांसाठी नव्या चाळी बांधायच्या, असं त्याचं काम होतं. त्याच बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले.

भाड्याच्या घराची अवस्था ही मालक आणि भाडेकरू यांच्यापुरती खासगी बाब नाही, साऱ्या वस्तीच्या तब्येतीचा तो प्रश्न आहे, हे तेव्हा सरकारलाही मान्य करावं लागलं.

भाडं गोठलं, छतं गळली

पुढं पहिलं महायुद्ध आलं. मुंबईत घरांची टंचाई झाली, मालक भाडी वाढवायला लागले. म्हणून १९१८ मध्ये भाडं रोखणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुन्हा तेच झालं आणि १९४७ मध्ये मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. या कायद्यानं जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० ला जेवढं होतं तेवढ्यावर बांधून टाकलं. त्याला प्रमाण भाडं म्हणायचे.

हेतू चांगला होता. गिरणी कामगाराला, विधवा बाईला, गरीब कुटुंबाला उद्या घराबाहेर काढतील ही भीती गेली. पण वर्षं सरली, सिमेंट महागलं, लाकूड महागलं, गवंड्याची मजुरी वाढली आणि भाडं मात्र १९४० चंच राहिलं. मालक म्हणायला लागले, सगळ्या खोल्यांचं वर्षाचं भाडं एकत्र केलं तरी छप्पर बदलता येत नाही, मी का खर्च करू? भाडेकरू म्हणायचे, घर मालकाचं, मी का खर्च करू? दोघांच्या वादात पाऊस काही थांबला नाही. दर पावसाळ्यात पाणी आत येत राहिलं, तुळया कुजल्या, लोखंड गंजलं आणि इमारती पडायला लागल्या.

शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. १९६९ मध्ये कायदा करून मुंबईत इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ नेमलं गेलं. जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवायचा आणि त्या पैशात सरकारनं आपली भर घालून दुरुस्ती करायची, अशी योजना होती. तेव्हा १९,६४२ इमारती या उपकराखाली आल्या. त्यातल्या १६,५०२ तर १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या होत्या. आज हे मंडळ म्हाडाचा भाग आहे आणि दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. तरीही ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. दोनच दिवस आधी मुंबईत धुवाधार पाऊस झाला होता.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भाडं असं वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग नवा कायदा झाला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. म्हणजे मालकाच्या हातात दुरुस्तीला काही पैसा यावा, पण भाडेकरूचंही कंबरडं मोडू नये.

मुंबईची ही गोष्ट मी एवढी लांबवली, कारण आपल्या दोन खोल्यांनाही ती तशीच लागू आहे. भाड्यातला थोडा भाग दुरुस्तीसाठी बाजूला निघाला नाही, तर घर पडेपर्यंत वाद चालतो आणि शेवटी मालकाचं घरही जातं, भाडेकरूचं छप्परही जातं.

आपल्याकडं कुठला कायदा?

आपण मराठवाड्यातले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, नंतर हैदराबाद राज्यात. त्या राज्यानं १९५४ मध्ये घरभाड्याचा वेगळा कायदा केला होता. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी भाड्याच्या बाबतीत मराठवाड्याला हैदराबादचा, विदर्भाला त्यांचा आणि मुंबई-पुण्याकडं मुंबईचा, असे तीन कायदे चालू होते. २००० साली ते तिन्ही जाऊन एकच कायदा आला.

पण हा कायदा सगळ्या गावांना सरसकट नाही. जी शहरं त्याच्या यादीत आहेत तिथं तो लागतो. आपलं गाव त्यात आहे का, हे नगर परिषदेत किंवा वकिलाकडं विचारून घ्या. जिथं तो लागत नाही, तिथं इंग्रजांच्या काळातला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. दोन्हींत काय म्हटलंय, ते सोप्या शब्दांत सांगते.

१९९९ च्या कायद्याचं कलम १४ म्हणतं की वेगळा करार झालेला नसेल तर घर राहण्याजोगं, दुरुस्त ठेवणं मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूनं लेखी नोटीस दिली आणि मालकानं १५ दिवसांत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापता येत नाही. हिशेब करा. भाडं महिन्याला २,००० रुपये, तर वर्षाचं २४,००० आणि त्याचा चौथा हिस्सा ६,००० रुपये. तेव्हा "गळती काढेपर्यंत एक पैसाही देणार नाही" असं भाडेकरूला म्हणता येत नाही. आणि "तुझं तू बघ" असं मालकिणीलाही म्हणता येत नाही.

१८८२ च्या कायद्यात मालकावर दुरुस्तीची अशी सरळ जबाबदारी नाही. करारानं किंवा तिथल्या रीतीनं जी दुरुस्ती मालकाकडं आहे, ती त्यानं वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून भाड्यातून वळती करू शकतो, एवढंच तो म्हणतो. म्हणजे जिथं नवा कायदा पोचत नाही, तिथं करारात काय लिहिलंय यालाच सगळी किंमत. म्हणूनच खेड्यातल्या बाईला लेखी कराराची गरज शहरातल्यापेक्षा जास्त आहे.

त्याच जुन्या कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, घरातला मोठा दोष मालकाला माहीत असेल आणि भाडेकरूला सहज दिसण्यासारखा नसेल, तर तो आधी सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मे महिन्यात ओलीच्या डागावर रंग मारून जूनमध्ये खोली भाड्यानं देणं या नियमात बसत नाही. दुसरी, भाडेकरूनंही घर जसं घेतलं तसं परत द्यायचं, रोजच्या वापरानं होणारी झीज सोडून. त्याच्या चुकीनं काही बिघडलं आणि तशी नोटीस मिळाली, तर तीन महिन्यांच्या आत त्यानं ते नीट करून द्यायचं.

पाणी बाहेरून आलं तर?

छतातून, नळातून आलेल्या पाण्याचं झालं. पण पूर आला तर? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचंही फुटलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं. जुन्या वाड्यांच्या भिंतींत माती होती. ती भिजून विरघळली आणि वाडे बसले. त्या वाड्यांत कितीतरी कुटुंबं भाड्यानं राहत होती. शासनाला पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या कराव्या लागल्या.

अशा वेळी १८८२ चा कायदा निवड भाडेकरूच्या हातात देतो. आग, वादळ किंवा पुरानं घराचा मोठा भाग कायमचा निकामी झाला, तर भाडेपट्टा संपवायचा की नाही हे त्यानं ठरवायचं. मात्र नुकसान त्याच्याच चुकीनं झालं असेल तर ही सवलत नाही.

मालकांकडून एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, घर पडलं की भाडेकरू आपोआप गेला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगली भागातल्या एका प्रकरणात हे चुकीचं ठरवलं. तिथं महापालिकेनं जुनी, मोडकळीला आलेली इमारत पाडली होती. न्यायालयानं सांगितलं की इमारत गेली तरी खालची जमीन राहते, म्हणून भाडेकरूचा हक्क तेवढ्यानं संपत नाही. "पडू दे घर, म्हणजे खोली मोकळी होईल" असा हिशेब कुणी करत असेल, तर तो कायद्यालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

घरमालकिणीनं काय करावं

आता या सगळ्या इतिहासातून आपल्या कामाचं काढू.

पहिलं, माळवदाची रीत परत आणा. माती टाकायची नाही, पण वेळ पाळायची. मृगाच्या आधी, मे महिन्यातच स्लॅबवर चढा. पाणी जायचं तोंड झाडा, भेगा बघा, पत्र्याचे स्क्रू आणि वायसर बघा. भाडेकरूला सोबत घ्या. आतून डाग कुठं येतो हे तिला जास्त माहीत असतं.

दुसरं, पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय खर्च करू नका. डाग फक्त पावसात वाढत असेल तर पाणी छतातून किंवा बाहेरच्या भिंतीतून येतंय. बाराही महिने असेल आणि न्हाणीच्या किंवा टाकीच्या जवळ असेल तर नळ किंवा सांडपाण्याचा पाईप बघा. ओल जमिनीपासून हात-दोन हात वर चढली असेल, भिंतीला लोणा लागून पोपडे सुटत असतील, तर ती जमिनीतून येतेय. आपल्याकडं तर काळी माती. ती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते आणि भिंतीला तडे पाडते. घराच्या चारी बाजूंनी उताराचा कोबा केला आणि सांडपाणी पायाजवळ साचू दिलं नाही, तर निम्मा त्रास कमी होतो.

आमच्या एका गटात असाच वाद झाला होता. मालकीण म्हणायची, भाडेकरीण घरात कपडे धुते म्हणून भिंत ओली होते. भाडेकरीण म्हणायची, छत गळतं. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, गटाची बैठकही दोन वेळा रिकामी गेली. शेवटी गवंड्याला बोलावलं. भिंतीमागं पलीकडच्या खोलीच्या न्हाणीचा पाईप फुटला होता. दोघींचाही अंदाज खरा नव्हता. काम झालं एका दिवसात, पण त्याआधी तीन महिने भांडणात गेले.

तिसरं, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच गिलावा आणि रंग करा. ओल्या भिंतीवरचा रंग वर्षाच्या आत फुगतो. स्लॅबचे तुकडे पडत असतील, आतली गंजलेली सळई दिसत असेल, तर ते रंगाचं काम नाही, इंजिनिअरला दाखवायचं काम आहे. सळई गंजली की फुगते आणि सिमेंटला आतून फोडते. आणि भिजलेल्या भिंतीत वायर असेल तर आधी मेन स्विच बंद, मग वायरमन. तोवर लेकरांना त्या भिंतीला हात लावू देऊ नका.

चौथं, तक्रार आली की त्याच आठवड्यात जाऊन बघा. कायद्यात १५ दिवस आहेत, पण पावसाला ते माहीत नसतात. जाण्याआधी भाडेकरूला फोन करा. घर आपलं असलं तरी संसार तिचा आहे. दुरुस्तीच्या दिवसांत एखादी खोली वापरता येत नसेल, तर तेवढ्या दिवसांचं भाडं सोडा किंवा कमी करा आणि तसं लिहून ठेवा. पूर्ण घर रिकामं करावं लागणार असेल, तर काम झाल्यावर परत जागा देणार हेही लेखी द्या. १९९९ च्या कायद्यातही, दुरुस्तीसाठी घर घ्यायचं तर कोर्टामार्फत घ्यायचं आणि नंतर भाडेकरूला परत येऊ द्यायचं, अशीच तरतूद आहे. रागाच्या भरात नळ किंवा वीज तोडू नका. तो या कायद्यानं गुन्हा आहे.

पाचवं, कुणाचं काय हे आधीच ठरवा. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं एक नमुना भाडेकरू कायदा काढला. राज्यांनी तो स्वीकारला तरच लागू होतो, पण त्यातली वाटणी करारात उचलायला चांगली आहे. भिंती, छत, पाईप बदलणं, वायरिंग आणि रंगरंगोटी मालकाकडं. नळाचं वायसर, नळ बदलणं, मोरी तुंबली तर साफ करणं, स्विच आणि खिडकीची काच भाडेकरूकडं. एवढं एका कागदावर आलं तरी अर्धी भांडणं होत नाहीत.

कागद आणि नाव

आता कागदाचं. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही," असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा आणि नोंदणी करून घेणं मालकाचं काम आहे. तसा करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी न करणाऱ्या मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. कागदाचा खर्च वाचवायला गेलो तर घरच अडचणीत येतं.

आपण बचत गटाच्या बाया. लिहून ठेवायची सवय आपल्याला आहे. हजेरी, ठराव, कर्ज, परतफेड सगळं वहीत असतं. तीच सवय घराला लावा. खोली देताना भिंतींचे, छताचे, न्हाणीचे फोटो मोबाईलवर काढा आणि भाडेकरूलाही पाठवा. भाड्याची पावती द्या. तक्रार कुठल्या तारखेला आली, कोण बघायला आलं, किती खर्च झाला, ते दोघींच्या सहीनं लिहा. खोली सोडताना अनामत रकमेवरून जे वाद होतात, ते या वहीनं मिटतात. ओल आधीची होती की नंतरची, हे फोटोच सांगतो.

आणि तो माळवदाचा मुद्दा. माती डोक्यावरून वाहिली बायांनी, कागदावर नाव दुसऱ्याचं. आजही भाडेकरू शोधते बाई, तक्रार ऐकते बाई, गवंड्याला चहा देते बाई, गटाचं कर्ज फेडते बाई आणि करारावर सही असते घरातल्या पुरुषाची. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. ती लावून घ्या. ज्या घराचा हप्ता तुम्ही भरता, त्याच्या कागदावर तुमचं नाव असू द्या, म्हणजे दुरुस्ती कधी आणि किती करायची हा निर्णयही तुमच्याकडं येईल.

ज्या ताया भाड्यानं राहतात, त्यांना एवढंच सांगते. डाग दिसला की त्याच दिवशी सांगा, फोटो पाठवा, भाडं बंद करू नका. मालक ऐकतच नसेल तर लेखी द्या आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. इमारतच धोक्याची वाटत असेल तर नगर परिषदेत अर्ज करा. धोकादायक बांधकामाबद्दल मालकाला नोटीस देण्याचा अधिकार १९६५ च्या नगर परिषद कायद्यानं त्यांना आहे.

शेवटी एक काम देते. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा विषय घ्या. गटातल्या किती जणींच्या खोल्या भाड्यानं आहेत आणि किती जणी भाड्यानं राहतात, ते मोजा. ज्यांच्या खोल्या आहेत त्यांनी भाड्यातून दर महिन्याला थोडी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवायची, असा ठराव करा. रक्कम किती ते तुम्हीच ठरवा. शंभर रुपये ठेवले तरी वर्षाचे बाराशे होतात आणि मे महिन्यात स्लॅबच्या भेगा बुजवायला कुणापुढं हात पसरावा लागत नाही. मुंबईत हे ठरवायला सरकारला १९६९ पर्यंत वाट बघावी लागली आणि तोवर किती छतं खाली आली. आपल्याला एका बैठकीत ठरवता येतं.

ठराव झाला की आम्हाला रेडिओवर कळवा, तुमच्या गटाचं नाव आम्ही वाचून दाखवू.